कोकणातल्या वाडीत ऑनलाइन पार्सल घरपोच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगमेश्वर तालुक्यात आमचं छोटं डिलिव्हरी सेंटर आहे, वेगवेगळ्या कंपन्यांची पार्सलं येतात आणि आमची डिलिव्हरीची मुलं ती गावोगाव, वाडीवाडीत पोचवतात. फोनवर, व्हॉट्सॲपवर, बाजारात भेटल्यावर लोक साधारण तेच तेच विचारतात. इथे राहणाऱ्यांसाठी आणि मुंबई-पुण्याहून गावच्या घरी सामान पाठवणाऱ्या चाकरमान्यांसाठी म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय.

सकाळपासून ‘आउट फॉर डिलिव्हरी’ दाखवतंय, संध्याकाळ झाली तरी पार्सल नाही. असं का?

सकाळी गाडी आली की पार्सलं स्कॅन होतात, मग रूटप्रमाणे वेगळी काढली जातात, आणि एखाद्या मुलाच्या लिस्टवर तुमचं पार्सल लागलं की लगेच तुम्हाला मेसेज जातो. त्या वेळी पार्सल अजून आमच्या गाळ्यातच असतं, फक्त आज ते कोणाच्या बॅगेतून जाणार एवढं ठरलेलं असतं. पुढे त्या मुलाला पाच-सहा गावं करायची असतात, एका गावात चार चार वाड्या, त्यात एखाद्या घरी दहा मिनिटं थांबावं लागलं, एखादा फोन लागेना, की शेवटच्या वाडीला अंधार पडतो. आणि अंधारात पाखाडी (दगडी पायऱ्यांची पायवाट) उतरून कोणाच्या दारात जा असं मी कुठल्याच मुलाला सांगत नाही, पावसात तर नाहीच, विंचूकाट्याचं भय असतं. अशी राहिलेली पार्सलं दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी काढतो.

भिवंडीहून रत्नागिरीपर्यंत दोन दिवसात येतं, मग पुढच्या तीस-चाळीस किलोमीटरला तीन दिवस कशाला लागतात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याचा राग मला समजतो. भिवंडीच्या गोडाऊनमधून ट्रक निघतो तेव्हा त्यात हजारो पार्सलं एकत्र असतात, एक ड्रायव्हर, एक रस्ता, रात्रभर चालला की सकाळी पोचला. खर्च सगळ्यांवर वाटला जातो म्हणून तो टप्पा स्वस्तही आणि वेगवानही. शेवटच्या टप्प्यात मात्र प्रत्येक पार्सल एकेकटं होतं. पुण्यात एखाद्या मोठ्या सोसायटीत गाडी एकदा लावली की वीस-पंचवीस पार्सलं त्याच गेटच्या आत संपतात. आमच्याकडे एका पार्सलसाठी मुख्य रस्ता सोडून पाच किलोमीटर आत जायचं, तिथे बाईक लावायची, साकव (लहान पूल) ओलांडून पायी चढायचं, आणि परत तोच रस्ता. म्हणून आतल्या गावांची पार्सलं रोज एक-दोन नेण्याऐवजी चार-पाच जमली की एकदम जातात. कंपनीच्या ॲपमध्ये दिलेली तारीख हा प्रकार धरून काढलेली नसते, ती पिनकोडवरून काढलेली असते. आणि एका पिनकोडमध्ये बाजारपेठेतलं दुकानही असतं आणि डोंगराच्या कुशीतली सात घरांची वाडीही असते, दोघांनाही तीच तारीख दाखवतात.

पत्ता नेमका कसा लिहायचा?

यावर थोडं सविस्तर सांगतो, कारण आमच्याकडची बरीच अडकलेली पार्सलं इथेच अडकलेली असतात.

शहरात फ्लॅट नंबर, बिल्डिंग, रोड असं असतं. वाडीत घरनंबर फक्त ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावतीवर असतो, दारावर बघून कोणाला सापडत नाही. त्यामुळे ॲपमध्ये ‘फ्लॅट, हाऊस नंबर’च्या रकान्यात लोक शून्य टाकतात, किंवा नुसतं ‘मु. पो.’ आणि गावाचं नाव. आता एका गावात वरची वाडी, मधलीवाडी, खालची वाडी, देऊळवाडी, गुरववाडी एवढ्या वाड्या, त्यांच्यात दीड-दोन किलोमीटरचं अंतर, आणि पूर्ण वाडीचं आडनाव एकच. अशा वाडीत ‘संतोष’ तीन असतात. नावात वडलांचं नाव टाका, आणि गावात ज्या नावाने हाक मारतात, बंड्या म्हणा, आप्पा म्हणा, तेही लिहा, लाजू नका. आमचा मुलगा वाडीत जाऊन कागदावरचं नाव विचारतो तेव्हा शेजारीसुद्धा मान हलवतात, घरातलं नाव सांगितलं की लहान पोर हात धरून नेतं.

मग खूण. ‘देवळाजवळ’ एवढं पुरत नाही कारण देऊळ प्रत्येक वाडीत आहे. असं लिहा: मधलीवाडी, एसटी स्टॉपसमोरची पाखाडी उतरून पऱ्या (ओढा) ओलांडला की तिसरं घर, अंगणात रातांब्याचं झाड. एवढं वाचून नवीन मुलगाही न विचारता पोचतो. रकान्यात जागा कमी पडली तर गावाचं नाव दोनदा येतं ते एकदाच ठेवा आणि खुणेला जागा करा. ‘जिल्हा रत्नागिरी’ पिनकोडवरून कळतंच.

जातीवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, फार आधी व्हायला हवा होता असा निर्णय. नवीन नावच लिहा. मॅपवर ते अजून आलेलं नसलं तरी शाळा, अंगणवाडी अशी जवळची खूण दिली की काम होतं, आमच्या मुलांना नवीन नावं माहीत करून देणं हे आमचं काम आहे.

पिनकोड एका आकड्याने चुकला तर काय होतं?

पार्सल घाटावर जातं. खरंच. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाने ती आखली, संस्कृतचे मोठे पंडित होते आणि पोस्ट खात्यात वरच्या पदावर. पहिला आकडा विभागाचा, ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन आकडे मिळून पार्सल कुठल्या भागात जाणार ते ठरतं, आणि आपल्याकडे गंमत अशी की ४१५ ने साताराही सुरू होतो आणि रत्नागिरीही. सातारा ४१५००१, रत्नागिरी ४१५६१२. लांजा-राजापूरचे पिन तर ४१६ ने सुरू होतात, जे कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्गाशी जुळतात. त्यामुळे चौथा आकडा चुकला की पार्सल सह्याद्रीच्या पलीकडे उतरतं, तिथला मुलगा गाव शोधतो, सापडत नाही, ‘पत्ता चुकीचा’ म्हणून परत पाठवतो. दुरुस्त होऊन इकडे यायला आठवडाही जातो, आणि बऱ्याचदा ते सरळ विक्रेत्याकडेच परत जातं. ऑर्डर करताना जुना सेव्ह केलेला पत्ता आपोआप येतो, पैसे भरायच्या आधी तो एकदा वाचा.

डिजिपिन आलाय ना आता? तो टाकला की झालं?

डिजिपिन ही चांगली गोष्ट आहे आणि आमच्यासारख्या भागासाठी तर फारच. पोस्ट खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या रिमोट सेन्सिंग केंद्राबरोबर (एनआरएससी) तो तयार केला, २०२५ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. देशाचे साधारण चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडलेत आणि प्रत्येकाला दहा अक्षर-आकड्यांचा कोड आहे, म्हणजे तुमच्या घराच्या पडवीलाही स्वतःचा कोड आहे. पोस्टाच्या साइटवर फोनचं लोकेशन चालू करून तो काढता येतो. पण तो पिनकोडच्या बदली नाही, पिनकोड लागतोच. शॉपिंग ॲपमध्ये त्याला वेगळा रकाना नसेल तर पत्त्याच्या शेवटी लिहा. एक महत्त्वाचं, तो कोड गावच्या घरात उभं राहून काढा, मुंबईत बसून मॅपवर अंदाजाने बोट ठेवून काढलात तर समोरच्या डोंगरावरच्या काजूच्या बागेचा निघेल.

गूगल मॅपचं लोकेशन पाठवलंय तरी मुलगा फोन का करतो?

कारण मॅपवर घर जवळ दिसतं आणि आमच्याकडे मध्ये नदी असते. पलीकडची वाडी डोळ्यांना समोर दिसते, हाक मारली तर ऐकू जाईल एवढी, पण पूल चार किलोमीटर खाली. मॅपवर बऱ्याच पाखाड्या नाहीत, आणि ज्या आहेत त्यातल्या काहींवरून बाईक जाते असं तो समजतो. त्यात खाली नदीकाठच्या वाड्यांत रेंज जाते. म्हणून मुलगा रेंज असेल तिथूनच, तिठ्यावरून नाहीतर सड्यावरून (वरच्या माळावरून), आधी फोन करून घेतो. तो फोन उचला एवढीच विनंती. अनोळखी नंबर म्हणून लोक कट करतात, आणि खाली उतरल्यावर त्याच्याकडे दुसरा मार्ग राहत नाही.

आम्ही दिवसभर घरीच होतो, तरी ‘कस्टमर घरी नाही’ असा मेसेज आला. मुलं खोटं टाकतात का?

कधी कधी टाकतात, आणि हे चूकच आहे. पण ते का होतं तेही सांगतो, कारण नुसतं मुलाला ओरडून ते थांबत नाही. पार्सल त्या दिवशी दिलं गेलं नाही तर ॲपमध्ये कारण निवडावं लागतं आणि कारणांची यादी ठरलेली आहे: दरवाजा बंद, फोन उचलला नाही, पत्ता अपूर्ण, कस्टमरने नंतर बोलावलं, घ्यायला नकार. ‘साकवावरून पाणी जातंय’ असा पर्याय त्यात नाही. ‘पंक्चर झालं’, ‘अंधार पडला’ असेही नाहीत. दिवसाच्या शेवटी लिस्ट बंद केल्याशिवाय हिशेब होत नाही, मग जे जवळचं वाटेल ते दाबलं जातं आणि तुम्हाला वाटतं आपल्यावर खोटं घातलं. आम्ही कंपन्यांना अनेकदा सांगितलंय की खरी कारणं टाकायची सोय द्या, आणि जोपर्यंत ती मिळत नाही तोपर्यंत आमच्या सेंटरमधून असं पार्सल राहिलं तर कस्टमरला फोन करून खरं कारण सांगायचं असा नियम आम्हीच केलाय. तुम्हाला फोन न येता असा मेसेज आला तर सेंटरला नक्की कळवा, त्या मुलाशी आम्ही बोलतो.

बहुतेक कंपन्यांत तीन वेळा प्रयत्न होतो, त्यानंतर पार्सल आपोआप परतीच्या गाडीत जातं आणि मग आमच्याही हातात काही राहत नाही. म्हणून दुसऱ्या मेसेजनंतर गप्प बसू नका.

मी मुंबईत असतो, आईवडील गावाला. त्यांच्यासाठी मागवलं तर ओटीपीचं काय करायचं?

आमच्याकडे येणाऱ्या पार्सलांत ही फार असतात. मिक्सर, बीपीचं मशीन, गुडघ्याचा पट्टा, रेनकोट, मोबाईल. मुलगा किंवा मुलगी तिकडून मागवते, ओटीपी त्यांच्या फोनवर, पार्सल इकडे. भातकापणीच्या दिवसांतली गोष्ट, आमचा एक मुलगा मोबाईल घेऊन एका आजींच्या दारात पोचला, आजी हाताला चिकटलेला पेंढा झटकत शेतातून आल्या, त्यांना पार्सलचं काहीच माहीत नाही, त्यांचा मुलगा ठाण्याला कामावर आणि मशीनच्या आवाजात त्याला रिंग ऐकू येईना. ओटीपीशिवाय मोबाईल देता येत नाही, दिला तर त्याचे पैसे डिलिव्हरीच्या मुलाच्या अंगावर येतात. शेवटी वाडीतल्या एका पोराने सड्यावर जाऊन व्हॉट्सॲप केलं, तासाभराने कोड आला. तेवढा वेळ आमचा मुलगा पडवीत बसून, पुढची पार्सलं खोळंबलेली.

म्हणून तिकडून मागवताना तीन गोष्टी करा. पत्त्यात फोन नंबर गावच्या घरातला द्या आणि दुसऱ्या नंबरच्या रकान्यात तुमचा, म्हणजे डिलिव्हरीचा मुलगा आधी घरी फोन करेल. घरच्यांना आधी सांगा, अमुक येणार आहे, पैसे द्यायचे आहेत की भरलेले आहेत. आणि ज्या दिवशी ‘आउट फॉर डिलिव्हरी’ येईल त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोन जवळ ठेवा. कोड आला की तो घरच्यांना कळवा, आणि पार्सल हातात आल्यावर, बाहेरून बघून, मगच तो डिलिव्हरीच्या मुलाला सांगायला सांगा, आधी नाही.

सीओडी बरं की आधी पैसे भरलेलं बरं?

फ्लिपकार्टने २०१० मध्ये कॅश ऑन डिलिव्हरी (सीओडी) चालू केली आणि ऑनलाइनवर भरवसा नसलेला माणूसही मागवायला लागला, खेड्यात तर त्याशिवाय हे रुजलंच नसतं. आधी वस्तू दारात, मग पैसे, हे आपल्या लोकांना पटतं. पण सीओडीत पार्सल नाकारण्याचं प्रमाण जास्त, ‘नको आता, बाजारात मिळालं’ म्हणून. तेवढ्यासाठी केलेली सगळी पायपीट फुकट जाते. शिवाय सुट्टे नसतात, आणि हिशेबात कमी पडले तर मुलाच्या खिशातून जातात. मी सांगेन, पहिल्यांदा ज्या विक्रेत्याकडून घेताय तिथे सीओडी करा, ओळखीच्या ठिकाणी आधी भरा. दारात यूपीआयने द्यायचे असतील तर कंपनीच्या ॲपमधल्या क्यूआरवरच द्या, कोणाच्या खासगी नंबरवर नाही.

पावसाळ्यात किती उशीर धरायचा?

जून ते सप्टेंबर ॲपच्या तारखेवर तीन-चार दिवस वाढवून धरा, आणि औषधासारखी गोष्ट असेल तर ऑनलाइनच्या भरवशावर राहूच नका. आमच्याकडे माल मुंबई-गोवा हायवेने येतो नाहीतर कोल्हापूरकडून आंबा घाटाने. दोन्ही रस्ते पावसात कधी बंद होतील सांगता येत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, वाशिष्ठीचा जुना पूल खचला, तेव्हा हायवे तुटला होता आणि घाटही दरडींनी अडले होते. २०२२ मध्ये परशुराम घाट कधी दरडीमुळे तर कधी कामामुळे तासन् तास बंद असायचा. एवढं मोठं काही झालं नाही तरी शास्त्रीला, गड नदीला पाणी वाढलं की संगमेश्वर आणि माखजनच्या बाजारात पाणी शिरतं, त्या दिवशी डिलिव्हरी नाही. पार्सल भिजू नये म्हणून आम्ही प्लॅस्टिक घालतो पण वरून खोका ओला दिसला तर घेतानाच फोटो काढा.

गणपतीला सामान वेळेत मिळेल का?

चतुर्थीच्या किमान पंधरा दिवस आधी ऑर्डर करा. मखराचं सामान, लायटिंग, गौरीची साडी, सगळ्यांना एकाच आठवड्यात हवं असतं, आणि हायवेवर चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग असते त्यात मालाचे ट्रक अडकतात, त्या दिवसांत अवजड वाहनांना बंदीही असते. चतुर्थीला आणि गौरी-गणपती विसर्जनाला आमचं सेंटर बंद असतं, मुलांच्याही घरी गणपती आहेत. शिमग्यात पालखी ज्या गावात असेल त्या गावचा मुलगा सुट्टीवर असतो, तेवढं सांभाळून घ्या.

फ्रीज, कपाट, वॉशिंग मशीन वाडीत आणून देतात का?

टेम्पो जाईल तिथपर्यंत. पुढे पाखाडी असेल तर चार माणसांची सोय तुम्हाला करावी लागते. ही गोष्ट ऑर्डरच्या वेळी कोणी सांगत नाही आणि मग दारात, म्हणजे दारापासून अर्धा किलोमीटरवर, वाद होतो. घर रस्त्याला लागून नसेल तर मी तरी म्हणेन अशी वस्तू देवरुख किंवा चिपळूणच्या दुकानातून घ्या. दोन पैसे जास्त जातील पण बसवायला माणूस येतो आणि बिघडलं तर दार ठोठावायला जागा असते.

डिलिव्हरीच्या मुलांना मिळतं तरी किती?

बहुतेकांना पगार नसतो, पोचलेल्या पार्सलमागे ठराविक रुपये मिळतात. पेट्रोल, बाईकचं काम, मोबाईलचा रिचार्ज स्वतःचा. जे पार्सल पोचलं नाही त्याचे बहुतेक ठिकाणी काही नाही, मग त्यासाठी दहा किलोमीटर गेला असला तरी. हाच दर शहराच्या हिशेबाने ठरवलेला असतो, म्हणून आतल्या वाड्यांकडे जायला मुलं तयार होत नाहीत, आणि तुमच्या उशिराचं हे सगळ्यात खरं कारण आहे. अंतराप्रमाणे दर द्या, ही आमची मागणी आहे आणि ती मी सोडणार नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ मध्ये देशात असे कामागणिक पैसे मिळणारे ७७ लाख गिग कामगार धरले होते. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये त्यांचा उल्लेख पहिल्यांदा कायद्यात आला, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षेसाठी द्यायची अशी त्यात तरतूद आहे. सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करता येते, आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाची आम्ही ती करून घेतो.

न मागवलेलं पार्सल आलं, किंवा लिंक आली. काय करू?

घेऊ नका. ‘तुमच्या मुलाने मागवलंय, अमुक रुपये द्या’ म्हणून वयस्कर माणसांच्या गळ्यात सीओडी पार्सल मारतात, आत चिंध्या निघतात. आधी मुलाला फोन, मग पैसे. ‘पत्ता अपडेट करा नाहीतर पार्सल परत जाईल’ अशा मेसेजमधली लिंक उघडू नका. आणि फोनवर कोणी डिलिव्हरीवाला म्हणून *४०१* किंवा *२१* ने सुरू होणारा नंबर डायल करायला सांगितलं तर लगेच कट करा, त्याने तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात आणि बँकेचा ओटीपी तो ऐकतो. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

वस्तू फुटकी आली, चुकीची आली, ‘डिलिव्हर्ड’ दाखवतंय पण मिळालीच नाही. तक्रार कुठे?

पहिल्यांदा ॲपमध्ये, त्याच दिवशी, खोका उघडतानाच्या व्हिडिओसह. मिळालीच नसेल तर सेंटरलाही सांगा, बऱ्याचदा शेजारी किंवा दुकानात ठेवलेली असते आणि तीन दिवस कोणी बोलत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीने तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यायलाच हवा, त्याने ४८ तासात पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकालात काढायची. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतही बोलता येतं. त्याच्या पुढे जिल्हा ग्राहक आयोग, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात केस करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही.

आमच्या गावात दुकानावर पार्सलं ठेवायची सोय करता येईल का?

हो, आणि जिथे जिथे केली तिथे उशीर कमी झालाय. गावातलं किराणा दुकान किंवा पिठाची गिरणी चालते, जिथे दिवसभर माणूस असतो आणि रेंज येते. आमचा मुलगा एका फेरीत पूर्ण गावाची पार्सलं तिथे देतो, दुकानदाराला पार्सलमागे थोडे पैसे मिळतात आणि लोक दूध-पाव न्यायला येतात तेव्हा घेऊन जातात. ज्यांना चालणं जमत नाही त्यांचं पार्सल मुलगा घरीच नेतो, ते आम्ही बंद केलेलं नाही. दुकानदाराला एक कपाट लागतं, पाणी लागणार नाही असं, आणि एक वही, ज्यात नेणाऱ्याची सही घ्यायची. ओटीपीची पार्सलं दुकानात ठेवत नाही, ती माणसाच्या हातातच देतो. तुमच्या गावात कोणी तयार असेल तर त्यांना घेऊन सकाळी अकराच्या आत सेंटरवर या, त्यानंतर सगळे रूटवर गेलेले असतात.